फ्यूज मोठा करू नका, दिव्यांना वेगळी वाट द्या

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ मोटरसायकल, २०१९ सालची. पुण्याहून सावंतवाडीला गावी जाताना आजऱ्यापुढे रात्री आणि आंबोलीच्या धुक्यात नीट दिसत नाही, म्हणून तुम्ही क्रॅश गार्डवर ४०-४० वॅटचे दोन एलईडी दिवे बसवून घेतले. मेकॅनिकने हेडलाइटच्या वायरला जोड मारला आणि हँडलवरच्या बटणातून सरळ दिव्यांना करंट दिला. दिवे लावले की हेडलाइट मंद होतो, बटण गरम लागतं. दोनदा फ्यूज उडाला, तेव्हा त्याने जागेवर ३० अँपिअरचा फ्यूज घातला. आता फ्यूज उडत नाही. गणपतीला गावी जायचंय, तर एवढ्यावर भागेल का? शिवाय धुक्यासाठी पिवळी कव्हरं लावली तर फरक पडेल का?

भागणार नाही. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण तो ३० चा फ्यूज आजच काढा. जादा दिव्यांचा जोड हेडलाइटच्या वायरवरून सोडवा, उघडी तांब्याची तार नीट झाका आणि फ्यूजबॉक्सच्या झाकणावर छापलेल्या आकड्याचाच फ्यूज परत लावा. दिवे नसतील तर चार दिवस नसू देत.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात गेली एकवीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. या काळात मला जळालेल्या गाड्या ज्या बघाव्या लागल्या, त्यातल्या बऱ्याचशा गाड्यांत दिवा चांगला होता, बॅटरीही चांगली होती, फक्त फ्यूज मोठा होता. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी नसतो, तो वायरच्या रक्षणासाठी असतो. वायर तापून तिचं आवरण वितळायच्या आधी तो स्वतः वितळावा, एवढंच त्याचं काम. बारीक वायरीपुढे ३० चा फ्यूज लावला की ते काम वायरीकडे जातं. म्हणजे आता तुमच्या गाडीत सगळ्यात आधी जळणारी वस्तू टाकीखालून जाणारी मूळ वायरिंगची जुडी आहे. ती सगळी एकत्र गुंडाळलेली असते. एक वायर वितळली की शेजारच्या इग्निशनच्या, इंडिकेटरच्या, पंपाच्या वायरी तिला चिकटतात. एकदा गगनबावड्याहून उतरताना भर पावसात एका वळणावर हेडलाइट, मीटर, इंजिन सगळं एकदम बंद पडलेली गाडी टेम्पोतून माझ्याकडे आली होती. चालवणारा वाचला, कारण मागून कोणी येत नव्हतं. सीट उचलल्यावर जो वास आला तो अजून आठवतो. त्या गाडीतही मूळ फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज होता.

आता हेडलाइट मंद का होतो ते बघू, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. तुमचा डिपर, म्हणजे हेडलाइटचा जवळचा उजेड, ५५ वॅटचा आहे. गाडी चालू असताना साडेतेरा व्होल्ट धरले तर त्या वायरीतून साधारण ४ अँपिअर जातात, आणि वायर, बटण, कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) पिना हे सगळं त्याच हिशेबाने दिलेलं असतं. तुमच्या दोन दिव्यांचे ८० वॅट म्हणजे आणखी ६ अँपिअर. एकूण १०. करंट अडीचपट झाला, पण वायरीत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून ती अडीचपट न होता सहापट होते. बटण गरम लागतं ते म्हणून. शिवाय वाटेत व्होल्टेज पडतं. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजबाबत फार नाजूक असतो. १३ व्होल्टांचे १२ झाले की चौथा हिस्सा उजेड जातो. म्हणजे जादा दिवे लावून तुम्ही मूळ दिवा घालवत होतात.

यावर उपाय एकच. दिव्यांचा करंट बॅटरीपासून स्वतंत्र, जाड वायरीतून न्यायचा, आणि मूळ वायरिंगकडून फक्त 'लाव' किंवा 'बंद कर' एवढा इशारा घ्यायचा. हे मधलं काम रिले करते, म्हणजे छोट्या करंटवर चालणारा विजेचा स्विच. हॉर्नसाठी वापरतात तीच साधी चार पिनांची १२ व्होल्टची रिले. तिच्या कॉइलला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही, त्यामुळे मूळ वायरीला तिचा भार कळतही नाही.

वाट अशी. बॅटरीच्या प्लसपासून वायर निघते आणि वीतभर अंतराच्या आतच फ्यूज होल्डर येतो. तो लांब बसवला तर बॅटरी ते फ्यूज हा तुकडा उघडाच राहतो. तो कुठे घासला तर त्याला अडवणारं कोणी नाही. फ्यूज १० अँपिअरचा, लाल रंगाचा. तिथून वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला. ८७ नंबरवरून दिव्यांच्या प्लसला. ८६ ला हँडलवरच्या बटणातून येणारा इशारा आणि ८५ अर्थला. दिव्यांचा मायनस मी चॅसीला देत नाही, बॅटरीच्या मायनसपर्यंत वायरीने परत आणतो. चॅसीवर रंगाचा जाड थर असतो, तो खरवडून अर्थ दिला की पहिल्या पावसाळ्यात तिथे गंज धरतो आणि मग दिवे लुकलुकायला लागतात. येणारी आणि परतणारी, दोन्ही वायरी दीड चौरस मिलिमीटरच्या घ्या. जाऊन-येऊन तीन मीटर धरले तर ६ अँपिअरला व्होल्टेज जेमतेम ०.२ ने पडतं. हेच अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.६ पर्यंत जातं. इशाऱ्याच्या वायरीला मात्र ती अर्ध्याची वायर पुरते.

दुकानदाराने पाच पिनांची रिले दिली तर मधल्या ८७ए या पिनेला काहीही जोडू नका. रिले बंद असताना ती पिन चालू असते. एका मुलाने घरी वायरिंग करताना दिवे त्या पिनेवर जोडले, आणि चावी काढली तरी दिवे चालूच. तुमच्या गाडीला किक नाही, आणि बॅटरी लहान आहे. ६ अँपिअरने ती तासा-दीड तासात बसेल. आणखी एक, आतमध्ये डायोड असलेली रिले मिळाली तर घ्या. बंद होताना कॉइल जो उलटा झटका देते तो त्या डायोडने तिथेच जिरतो. अशा रिलेत ८६ ला प्लस आणि ८५ ला मायनस हे उलटून चालत नाही.

इशारा कुठून घ्यायचा हे दिवे कशासाठी आहेत त्यावर ठरतं. लांब फेकणारे स्पॉट असतील तर मी इशारा अपरच्या (हेडलाइटच्या लांबच्या उजेडाच्या) वायरीवरून घेतो. समोरून गाडी आली आणि तुम्ही डिपर मारला की स्पॉटही त्याच क्षणी बंद. वेगळं बटण शोधायला लागत नाही, आणि घाटात समोरच्या एसटीच्या ड्रायव्हरला तेवढा क्षणही महत्त्वाचा असतो. पसरट उजेडाचे दिवे असतील तर पार्किंग लाइटच्या वायरीवरून, बटणासकट. दोन्ही वाटांत चावी काढली की दिवे बंद होतात, आणि ते व्हायलाच पाहिजे.

मूळ वायर मात्र कापू नका, सोलू नका. तुमच्या गाडीत एच४ बल्ब आहे. त्याच्या कपलरमध्ये अडकवायचा छोटा एक्स्टेंशन तुकडा बाजारात मिळतो, एका बाजूला नर, दुसऱ्या बाजूला मादी. अपरचा इशारा त्या तुकड्यातून काढायचा. उद्या गाडी विकायची झाली किंवा वॉरंटीचा प्रश्न आला तर तो तुकडा काढून घेतला की गाडी कंपनीतून आली तशी. निळ्या प्लास्टिकचे चिमटे येतात, जे वायर न सोलता तिच्यावर दाबून बसवतात, ते पावसाळी भागात अजिबात वापरू नका. आतली पट्टी वायरीचे काही धागे तोडते, तिथून पाणी शिरतं, आणि वर्षभरात तांबं हिरवं पडतं. काही गाड्यांत हेडलाइटचा प्लस कायम असतो आणि बटण मायनस तोडतं. म्हणून ऐकीव माहितीवर जोडू नका. मल्टीमीटर लावून अपर मारल्यावर कुठल्या पिनेवर व्होल्टेज येतं ते स्वतः बघा.

जोडांबद्दल जरा जास्त लिहितो, कारण रिले-फ्यूज सगळं बरोबर असूनही कामं इथेच फसतात. पिळा मारून काळी टेप गुंडाळलेला जोड मोटरसायकलवर एक उन्हाळासुद्धा टिकत नाही. इंजिनाच्या उष्णतेने टेपचा चिकट पदार्थ वितळून बाहेर येतो आणि टेप सुटते. सोल्डरिंगचंही मला गाडीवर फारसं कौतुक नाही. सोल्डर वायरीच्या धाग्यांत वर चढतो, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, आणि जिथे ताठ भाग संपून मऊ वायर सुरू होते तिथे थरथरीने धागे तुटतात. माझी पद्धत म्हणजे चांगल्या क्रिंपरने (पिना दाबायच्या खास हत्याराने) दाबलेली पिन आणि त्यावर आतून डिंक असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी. दाबून झाल्यावर वायर हाताने जोरात ओढून बघायची. सुटली तर ती वाटेत सुटणारच होती, टेबलावर सुटली हे बरं. क्रिंपर चांगला घ्या. पक्कडीने चेपलेली पिन मला कधी भरवशाची वाटली नाही. दिव्यांजवळ रबरी सील असलेले कपलर वापरा, म्हणजे दिवा बदलताना वायर कापायला नको.

वायर कुठून न्यायची? टाकीखालून, मूळ जुडीच्या शेजारून, पण तिला आवळून न बांधता. कोनसेटजवळ, म्हणजे हँडल जिथे चॅसीत फिरतं तिथे, हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून बघा. वायर ना ताणली गेली पाहिजे, ना दाबली गेली पाहिजे. मूळ वायरी जिथून वळसा घेतात तिथूनच आपलीही न्यावी. कंपनीने ती जागा विचार करूनच निवडलेली असते. सायलेन्सरच्या बेंड पाइपपासून लांब ठेवा आणि सगळ्या वायरीवर नालीदार प्लास्टिकची नळी चढवा. रिले सीटखाली, पिना खाली करून लावा, म्हणजे शिरलेलं पाणी आत साचत नाही. दिव्यांकडे जाणारी वायर शेवटी किंचित खाली झुकवून मग वर घ्या; पाणी त्या झुकलेल्या जागेवरून ठिबकतं, कपलरात जात नाही.

आता जे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे ते. गाडीला हा भार झेपतो का? तुमच्या गाडीचा अल्टरनेटर २२० वॅटच्या आसपासचा आहे, आणि तोही इंजिन बऱ्यापैकी फिरत असताना. त्यातून हेडलाइटचे ५५-६०, मागचा दिवा आणि मीटरचे दहा-बारा, आणि पंप, इंजेक्टर, कॉइल, ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर), एबीएस मिळून मी सत्तर-ऐंशी धरतो. उरतात सत्तरच्या आसपास. त्यात तुमचे ८० वॅट. हिशेब काठावर येतो, आणि फोनचा चार्जर लावला की काठाच्या पलीकडे. २०१७ च्या एप्रिलपासून दुचाकींना हेडलाइट कायम चालू असतो, त्यामुळे तो बंद ठेवून वीज वाचवायची सोयही नाही.

पण दिव्याच्या खोक्यावर लिहिलेले वॅट बहुतेक वेळा खरे नसतात. '४०' लिहिलेले कित्येक दिवे माझ्या टेबलावर १८-२० वॅटच घेतात. म्हणून आधी मोजा. मल्टीमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून एका दिव्याशी सिरीजमध्ये, म्हणजे करंटच्या वाटेतच, जोडा, येईल तो अँपिअरचा आकडा बॅटरीच्या व्होल्टेजने गुणा. दीड अँपिअर आले तर दोन दिव्यांचा भार चाळीस वॅटच्या आत आहे, निश्चिंत राहा. तीन अँपिअर आले तर खोका खरं बोलतोय. मग खंबाटकीत किंवा कुठेही गाडी रांगेत उभी असताना, इंजिन नुसतं आयडलला असताना, जादा दिवे बंद ठेवायची सवय लावून घ्या.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी १२.६ च्या वर व्होल्ट दिसले पाहिजेत. मग गाडी चालू करा, हेडलाइट आणि जादा दिवे लावा, ब्रेक दाबा आणि ३,००० आरपीएमला आकडा बघा. १३.५ च्या वर असेल तर बॅटरी चार्ज होतेय. १३ च्या खाली आला तर भार जास्त होतोय. दोनातला एक दिवा कमी करा किंवा कमी वॅटचे घ्या. ह्याला दुसरी पळवाट नाही. मोठी बॅटरी बसवून उपयोग होत नाही. बॅटरी ही टाकी आहे, विहीर नाही.

धुक्याचं सांगतो. पिवळा रंग धुक्यातून आरपार जातो असं सगळेच म्हणतात, पण धुक्याचे थेंब प्रकाशलहरींच्या मानाने इतके मोठे असतात की ते पांढरा आणि पिवळा जवळजवळ सारखाच परतवतात. पिवळ्याने डोळ्यांना त्रास कमी होतो, निळसर पांढऱ्याइतका झगमगाट डोळ्यांवर येत नाही, एवढा फायदा नक्की आहे आणि मी स्वतःही पिवळाच वापरतो. पण आंबोलीत खरं काम करतो तो उजेडाचा आकार आणि दिव्याची उंची. लांब फेकणारा अरुंद स्पॉट धुक्यात लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. तिथे रुंद पसरणारा, वरच्या बाजूला सरळ रेषेत कापलेला उजेड लागतो, आणि दिवा जितका खाली तितका बरा, म्हणजे उजेड तुमच्या नजरेच्या रेषेखालून जातो आणि रस्त्याची पांढरी पट्टी व कडेचा दगड दिसतो. तुमचे दिवे स्पॉट असतील तर पिवळं कव्हर लावूनही आंबोलीत समाधान होणार नाही. कव्हरापेक्षा लेन्स बदलता येते का बघा, नाहीतर पसरट उजेडाची जोडी घ्या. आजरा ते आंबोली हा मोकळा पट्टा स्पॉटचा, घाट पसरट दिव्याचा. दोन्ही हवेत असं वाटलं तरी वरचा हिशेब आठवा आणि एकच निवडा. मी पसरट निवडेन, कारण मोकळ्या रस्त्यावर वेग कमी करून भागतं, धुक्यात भागत नाही.

क्रॅश गार्डवर बसवताना पातळ ॲल्युमिनियमची पट्टी वापरू नका, थरथरीने ती मोडते. चार-पाच मिलिमीटरची लोखंडी पट्टी आणि नायलॉक (थरथरीने सहज न सुटणारे) नट वापरा.

शेवटचं काम दिव्यांचा कोन, आणि ते भिंतीसमोर करायचं. सपाट जागी, भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी सरळ उभी करा. गाडीवर तुम्ही बसा, मागे कोणी येणार असेल तर त्यांनाही बसवा आणि गावी नेणार तेवढं सामान बांधा. मागे वजन आलं की गाडीचं नाक वर जातं, आणि रिकाम्या गाडीवर बरोबर लावलेला दिवा प्रवासात समोरच्याच्या डोळ्यांत जातो. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर खडूने रेघ मारा. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या सात-आठ सेंटिमीटर खाली आली पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियमही हेच मागतो: दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवेल असा उजेड नको. बरोबर लावलेल्या दिव्यांनी समोरचा माणूस तुम्हाला अपर मारून दाखवत नाही, हीच रस्त्यावरची परीक्षा. शहरात दिव्यांवर कव्हर चढवून ठेवा.

काम स्वतः करणार असाल तर बॅटरीचा मायनस आधी सोडा, प्लस नंतर, जोडताना उलट. मायनस जोडलेला असताना प्लसचा बोल्ट सोडवत असलात आणि पाना चॅसीला टेकला, तर काय होतं ते मी एकदा पाहिलंय, पाना बोल्टला चिकटला होता. आणि मेकॅनिककडूनच करून घेणार असाल तर हे उत्तर त्याला दाखवा. तो तयार नसेल तर दुसरा ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा. इंजिनाचं काम उत्तम करणाऱ्या प्रत्येकाला वायरिंग जमतंच असं नाही, आणि त्यात त्याला कमीपणाही नाही.

बसवून झाल्यावर पहिल्या रात्री सगळे दिवे लावून वीस मिनिटं गाडी चालवा. मग थांबून फ्यूज होल्डर, रिले आणि बटणाला हात लावा. रिले कोमट लागेल, ते ठीक आहे. फ्यूज होल्डर किंवा बटण चटका देईल इतकं गरम लागलं तर तिथली पिन ढिली आहे. ती परत क्रिंप करा. दोनशे किलोमीटरनंतर पट्ट्यांचे नट पुन्हा आवळा. सीटखाली १० अँपिअरचे दोन फ्यूज आणि एक जादा रिले टाकून ठेवा. वाटेत फ्यूज उडाला तर एकदाच बदला. दुसऱ्यांदा उडाला तर दिव्यांचा कपलर सोडा आणि हेडलाइटवर सावकाश गावी जा. वायर कुठे घासली ते दिवसाउजेडी सापडेल. पंधरा दिवसांनी मल्टीमीटरचे आकडे कळवलेत तर भार कमी करायचा की नाही ते नेमकं सांगता येईल.